ऑइलचा काटा

किराणा दुकानात दुकानदारानं तराजू उचलला की बाकीची माणसं काट्याकडे पाहतात. मी त्याच्या करंगळीकडे पाहतो. ही सवय आजची नाही. दळण घेऊन गेलो तर पीठ पिशवीत पडेपर्यंत गिरणीसमोरून हलत नाही, शिंप्याकडे सदरा टाकला तर उरलेल्या चिंध्यासुद्धा मागून आणतो. माय म्हणायची, "बाप्पा, हा पोट्टा पाळण्यातही एक डोळा उघडा ठेवूनच झोपे." ती हसत म्हणायची आणि मला त्यात थोडी फुशारकीच वाटायची. कोणी आपल्याला फसवू शकत नाही, याचा मला फार अभिमान होता.

तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो. वाशीम जिल्हा व्हायला अजून कितीतरी वर्षं होती. मी कामरगाव ते कारंजा अशी जीप चालवायचो, सवारीची. सरकारी लिलावातून घेतलेली जुनी पेट्रोल जीप होती ती. आमच्या बौद्धपुऱ्यातल्या माणसानं त्याआधी गाडी हाकली असेल तर दुसऱ्याची. स्वतःची अशी ही पहिलीच, त्यामुळे पुऱ्यातलं लहानथोर कोणीही येऊन तिच्या बॉनेटवर हात ठेवून जायचं, आणि मी मागून फडकं घेऊन बोटांचे ठसे पुसायचो.

ज्या वर्षी पेट्रोलचे भाव भडकले, त्याच वर्षी या जीपचं इंजिन धूर ओकायला लागलं. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे जवाईबुवा, कारंज्याला मिस्त्री होते. मानोऱ्याच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड आणि शेडच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. माणूस बोलायला कमी. दहा शब्द विचारले तर दोन उत्तरात यायचे, तेही पाना फिरवता फिरवता. न बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासूनच वहीम येतो. ते म्हणाले, "पेट्रोलचं इंजिन काढून टाका. डिझेलचं बसवू." मग आम्ही दोघं अकोल्याच्या भंगार बाजारात गेलो आणि एका उलटलेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन पसंत केलं. त्यांनी ते चालू करवून कान लावून ऐकलं. मीही कान लावला. मला काही कळलं नाही, पण मान हलवली आणि इंजिनवर ठोकलेला नंबर बिडीच्या पाकिटाच्या कागदावर लिहून खिशात ठेवला.

इंजिन बसवायला कारंज्याला निघायच्या दिवशी मायनं मला चुलीपाशी बसवलं. बहिणीला तेव्हा सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातवा लागला की तिला आणायचं ठरलं होतं, माझ्याच जीपमधून. माय म्हणाली, "हे पाय, तठी आपली पोट्टी हाय. गाडीचं काई बी होवो, तू तोंड सांभाळजो. एकच बहीन हाय तुले. जवाई रुसला तं तिचं येनंजानं बंद होईन." मी म्हटलं, "मी काय लहान हावो?" ती म्हणाली, "लहान असता तं बरं होतं. लहानाले दोन चापट्या मारता येतात."

इंजिन बदलायला तीन दिवस लागले. पहिले दोन दिवस मी शेडमध्ये एका खोक्यावर बसून राहिलो. जवाईबुवा काढलेले नट-बोल्ट एका जर्मनच्या ताटात टाकत आणि मी मनात मोजत. त्यांच्या ते लक्षात आलं असणार. बहीण मधूनमधून चहा आणून द्यायची आणि मला म्हणायची, "भाऊ, घरात येऊन बस ना, कायले तेलात बसतं?" मी म्हणायचो, "इथंच बरं हाय."

तिसऱ्या दिवशी तिकडे कामरगावात मयत झाली आणि मला जावंच लागलं. दुपार कलल्यावर परत आलो तर इंजिन गाडीत बसलेलं होतं आणि त्याला वरून हिरवा रंग मारलेला होता, ओला, चकचकीत.

"रंग कायले मारला?" मी विचारलं.

"गंज चढू नाही म्हून," ते म्हणाले.

बस, इतकंच. माझ्या डोक्यात तिथंच किडा वळवळला. दोन दिवस रंगाचा शब्द नाही आणि मी पाठ फिरवली की रंग! लोक रंग कशाला मारतात, हे मला ठाऊक होतं. मी स्वतः बैलबाजारात शिंगं रंगवलेले म्हातारे बैल पाहिलेले होते.

गाडी मात्र छान निघाली. पहिल्याच फेरीत चढाला दम लागला नाही. जवाईबुवांनी मला डॅशबोर्डवरचं ऑइलचं मीटर दाखवलं. ते जुनंच होतं, पेट्रोलच्या काळचं. त्या मीटरपासून एक तार निघते आणि इंजिनाच्या अंगात आट्यांनी बसवलेल्या एका पितळी बटनाला जाऊन मिळते. इंजिनात ऑइलचा दाब असला की बटनाला तो कळतो आणि काटा वर चढतो. काटा पडला म्हणजे ऑइल फिरत नाही, आणि ऑइल फिरलं नाही तर दहा-पंधरा मैलांत इंजिन जाम. ते म्हणाले, "डिझेलचं बटन या मीटरले जुळत नाही. म्हून तुमचंच जुनं बटन याच्यात टाकलं. आटे जरासे ढिले हायेत, थोडं पाझरन. तांब्याचा वायसर हाय, बसन तो. तुमी हात नोका लावजा. आठ दिसांनी मी कसतो." माझ्याशी एका दमात ते एवढं बोलल्याचं मला तरी आठवत नाही. आणि एवढं बोलले म्हणूनच मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी बटनाच्या बुडाशी ऑइलचा थेंब दिसला. पुसला, संध्याकाळी पुन्हा थेंब. मी जीपच्या आधी चार वर्षं लोकांच्या विहिरींवर पंप चालवलेला माणूस. आमच्याकडे कुठलाही पाइप पाझरला की एकच इलाज असायचा: सुतळी उकलून तिचे धागे आट्यांवर गुंडाळायचे, वरून सफेदा थापायचा आणि कसून द्यायचा. पाण्याचा बाप बाहेर येत नाही. मी मनात म्हटलं, हात नका लावू म्हणे! जिथं हात लावू नका म्हणतात तिथंच हात लावून पाहावा, असा माझा बाणा. बटन काढलं, धागे गुंडाळले, सफेदा थापला, कसलं. बाहेर आलेला सफेदा पुसून काढला आणि वरून तेलाचा हात फिरवला. थेंब बंद झाला. जवाईबुवांना मी सांगितलं नाही. आठ दिवसांनी ते आपणहून बघतात की विसरतात, हे मला पाहायचं होतं.

ते विसरले नाहीत. आठव्या दिवशी कारंज्याच्या स्टँडवर स्वतः पाना घेऊन आले, बॉनेट उघडलं, बटनाच्या खाली बोट फिरवलं. बोट कोरडं. "बसला वायसर," म्हणाले आणि निघून गेले. मी पोटातल्या पोटात हसलो. अरे, ही करामत माझी, आणि हे म्हणतात वायसर बसला! ज्याला एवढं ओळखता आलं नाही त्याला इंजिनातलं काय कळत असेल, असं मला वाटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या कामाकडे वरून पाहायला लागलो.

दोन-तीन दिवसांनी कामरगावहून निघालो असताना नाल्यावरच्या रपट्याशी गाडीनं हिसका खाल्ला आणि ऑइलचा काटा धाडकन शून्यावर आला. गाडी बंद केली, सवाऱ्या खाली उतरवल्या. एक म्हातारी कोंबडी बगलेत धरून विचारत होती, "काय झालं रे, पोचत नाई का आता?" मी ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल भरपूर. पुन्हा चालू केली तर काटा जागेवर, जसं काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा पडला. तिसऱ्या दिवशी पडला तो कारंजा येईपर्यंत उठलाच नाही. इंजिनाचा आवाज मात्र तस्साच. मला तो आवाजही लबाड वाटायला लागला.

कामरगावच्या चहाच्या टपरीवर एक निवृत्त फौजी बसायचे, लष्करात ट्रक चालवलेले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी बशीतला चहा फुर्र करून ओढला आणि निकाल दिला, "बेरिंग गेले. नाहीतर पंप गेला. तुमाले भंगार देलं बुवा. वरतून रंगगिंग मारला होता काय?"

रंग त्यांना कोणी सांगितला? कोणी नाही. म्हणजे ही रीतच असणार.

मग माझ्या डोळ्यांना दुसरं काही दिसेना. चौकशी करता करता कळलं की त्याच आठवड्यात जवाईबुवांनी एका ठेकेदाराच्या जीपमध्येही असलंच डिझेल इंजिन टाकलं होतं. ती जीप रस्त्यावर दिसली की मी कान टवकारून ऐकायचो. कशी लोण्यासारखी चालायची! मी हिशेब मांडला: तिसरा दिवस, मी मयतीला, शेडमध्ये दोन इंजिनं, ठेकेदार मोठा माणूस आणि मी घरचा. घरच्याला काय, काहीही खपतं. अकोल्याचं माझं चांगलं इंजिन ठेकेदाराच्या गाडीत आणि त्याचं मेलेलं माझ्या गाडीत. हिरव्या रंगाखाली दोन्ही सारखीच.

मी रंग खरवडून नंबर पाहिला. बिडीच्या पाकिटावरचा शेवटचा आकडा तीन होता. इंजिनावरचा तीन की आठ, काही केल्या कळेना. कधी उन्हात पाहिलं, कधी गाडीखाली आडवं होऊन पाहिलं. सकाळी तीन वाटायचा, दुपारी आठ. शिवाय मी इंजिनाच्या बोल्टांवर चुन्याची बोटं लावून ठेवली, पानाच्या डबीतल्या चुन्याची. गाडी कारंज्याला उभी असताना कोणी खोलून काही बदललं तर चुना मोडेल आणि मला कळेल. रोज सकाळी मी देवपूजा केल्यासारखा ते ठिपके तपासायचो. ठिपके जागेवर असायचे, तरी समाधान होत नसे. ठिपके मोडले नाहीत म्हणजे चोर हुशार आहे, एवढाच अर्थ मी काढायचो.

मायला यातलं अर्धंच सांगितलं होतं, पण तिला पूर्ण कळत होतं. बहिणीला सातवा लागला. आणायला जायच्या दिवशी मायनं डब्यात लाडू दिले, माझ्या हाताला धरून म्हणाली, "तोंड सांभाळजो रे बाबा. पोट्टीले घेऊन ये, बस." मी हो म्हटलं. खरंच मनातून म्हटलं होतं. पण त्या दिवशी रस्त्यात काटा चार वेळा पडला. चौथ्यांदा पडला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या इंजिनात मी बहिणीला बसवायचं? मधल्या माळावर जाम झालं तर सातवा लागलेल्या बाईला घेऊन मी कुठं जाऊ? आणि तिच्याच नवऱ्यानं हे माझ्या गळ्यात मारलेलं!

तो बाजाराचा दिवस होता. शेडमध्ये पाच-सात माणसं होती. मी जीप थेट दारात घातली, उतरलो आणि लाडवाचा डबा हातात तसाच असताना ओरडलो, "जवाईबुवा, माहं इंजिन कोठी गेलं?"

ते एका ट्रॅक्टरचं चाक बसवत होते. मान वर करून म्हणाले, "कोनतं इंजिन?"

"अकोल्याचं. मी नंबर लिहून घेतला होता. ते ठेकेदाराले देलं आन त्याचं भंगार मले चिकटवलं. रंग मारून! घरच्याच मानसाले फसवता?"

माणसं कामं टाकून बघायला लागली. मागच्या दारात बहीण येऊन उभी राहिली. नवं पातळ नेसली होती, केसांत वेणी माळली होती, पायाशी कापडी पिशवी भरून ठेवलेली. माहेरी निघायच्या तयारीत होती बिचारी. मी तिला पाहिलं आणि तरीही थांबलो नाही. हे मी आजही स्वतःला माफ करत नाही. मी काटा, रपटा, फौजी, तीनचा आठ, सगळं सगळ्यांसमोर ओतलं.

जवाईबुवांनी हात पुसले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता, पण आवाज चढला नाही. "काटा पडून राह्यला काय?" एवढंच विचारलं.

"पंधरा दिवसांपासून!"

तेवढ्यात बहीण म्हणाली, "भाऊ, पंधरा दिस झाले, मंग इंजिन बंद पडलं काय एकडाव तरी?"

"बंद नाई पडलं," मी म्हटलं. "पडन."

ते जीपपाशी गेले. "चालू ठेवा," म्हणाले. काटा शून्यावर होता. त्यांनी बॉनेट उघडलं, बटनावरची तार काढली आणि तिचं उघडं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. डॅशबोर्डवरचा काटा सरसर चढून पार शेवटाला भिडला. तार उचलली, काटा खाली. टेकवली, काटा वर. "मीटर चांगलं हाय. तार चांगली हाय," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते, मोठ्यानं बोलत होते, जमलेल्या माणसांसाठी. मग त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं आणि बटनाला पाना लावला.

बोल्टांवरचे चुन्याचे ठिपके त्यांना दिसले. एका ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाना फिरवायला लागले. माझी मान तिथंच खाली गेली. अजून बटन बाहेर यायचं होतं.

बटन बाहेर आलं. आट्यांवर वाळून खडी झालेला पांढरा सफेदा आणि त्यात सुतळीचे धागे. जवाईबुवांनी ते तळहातावर घेतलं आणि नुसतं पाहत राहिले. एक शेतकरी वाकून म्हणाला, "हे तं पाइपाचं काम हाय बावा. विहिरीवरचं." आणि हसला. बाकीचेही हसले.

"हे कोनं लावलं?" जवाईबुवांनी विचारलं.

विहिरीवर चार वर्षं कोणी काढली, हे तिथं दोघांना माहीत होतं: त्यांना आणि माझ्या बहिणीला.

मग त्यांनी समजावून सांगितलं, तेही लोकांनाच. या बटनाला मीटरकडे जाणारी एकच तार असते. दुसरी तार म्हणजे इंजिनाचं लोखंडच. बटनाचे आटे लोखंडाला टेकले की चक्कर पूर्ण होते. मध्ये सुतळी-सफेदा घातला तर पाणी थांबतं, ऑइल थांबतं आणि वीजही थांबते. सफेदा ओला होता, आटे कुठंतरी टेकत होते, तोवर काटा चालला. वाळला, हिसके बसले, टेकणं सुटलं. त्यांनी कपाटातून दुसरं एक मीटर आणलं, तांब्याच्या नळीचं, ज्याला वीज लागतच नाही. ते त्या भोकात बसवून इंजिन चालू केलं. काटा चाळीस पौंडांवर जाऊन उभा राहिला. "पाहून घ्या सारे," ते म्हणाले. माणसं एकेक करून वाकून पाहून गेली. शेवटी ते मला म्हणाले, "तुमी बी पाहून घ्या." मीही पाहिलं. मग त्यांनी तारेच्या ब्रशनं बटनाचे आटे घासले, नवा तांब्याचा वायसर घातला, कसलं, तार जोडली. आमच्या जुन्या मीटरचा काटा उठला आणि हलला नाही. नंबराचं विचाराल तर त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं उरलेला रंग पुसला. तीन होता. स्वच्छ तीन.

अशा वेळी माणसानं काय करावं? पाय धरावेत. मी काय केलं? म्हणालो, "मंग पयलेच काहून नाई सांगतलं, सफेदा लावू नोका म्हून?"

"मी म्हटलं होतं, हात नोका लावजा."

बहीण दारातून पुढं आली. ती रडत नव्हती, रागानं तिचे ओठ थरथरत होते. "भाऊ, इंजिन चालून राह्यलं, आवाज चांगला, ऑइल भरलेलं. काटा तेवढा म्हने का खराब हाय. तुले काटा खोटा असन असं एकडाव नाई सुचलं? मानूसच खोटा सुचला? आन मानूस बी कोन, माहा नवरा?"

मी म्हटलं, "चाल, बस गाडीत. माय वाट पाहून राह्यली."

जवाईबुवा मध्ये आले. "येईन ते माहेरी. रिवाज हाय, मी मोडत नाई. पन एसटीनं आनून सोडीन मी."

"जीप हाय ना दारात. आता तं काटाही चांगला झाला."

"गाडीवर माहा भरोसा हाय, भाऊ," ते म्हणाले. "तुमच्यावर नाई."

मी लाडवाचा डबा खोक्यावर ठेवला आणि रिकामी जीप घेऊन निघालो. कामरगावपर्यंत काटा एकदाही पडला नाही. रपट्यावर मुद्दाम जोरात घातली, तरी पडला नाही. पडला असता तर मला किती बरं वाटलं असतं, काय सांगू! माय अंगणात उभी होती. तिनं जीपमध्ये पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत जाऊन चुलीपुढं बसली. त्या रात्री आमच्या घरात भाकरी झाल्या, पण मायनं खाल्ली नाही.

चौथ्या दिवशी जवाईबुवा बहिणीला एसटीनं घेऊन आले. गाडीत जागा नव्हती, अर्ध्या वाटेपर्यंत तिला उभं राहावं लागलं होतं. स्टँडपासून घरी चालत आली, पाय सुजलेले. माझी जीप विहारासमोर लिंबाखाली उभी होती, धुतलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. चहा घेतला, मायच्या पाया पडले, मलाही जयभीम केला आणि परतीच्या एसटीनं निघून गेले. बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली. तीन महिन्यांनी ती पोर घेऊन परत गेली तेव्हाही एसटीनंच. त्यानंतर कितीदा माहेरी आली, गेली. येणंजाणं बंद झालं नाही. मायची भीती खोटी ठरली. पण माझ्या जीपमध्ये माझी बहीण पुन्हा कधी बसली नाही.

तुम्हाला वाटेल, त्यांनी माझं काम करणं सोडलं असेल. सोडलं नाही. गाडी दारात उभी केली की हातातलं ठेवून यायचे. फक्त एक नवी रीत सुरू झाली. पाना हातात घेण्याआधी ते म्हणायचे, "उभे राहा." मी उभा राहायचो. काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट माझ्यापुढं धरायचे, मग त्या जर्मनच्या ताटात ठेवायचे. काम झालं की ताट पुढं करायचे, "मोजून घ्या." बसवताना पुन्हा एकेक दाखवायचे. शेडमध्ये इतर गिऱ्हाइकं असायची. त्यांच्या गाड्यांचे बोल्ट ते चिखलात टाकायचे, खिशात टाकायचे, दातांत धरायचे. ताट फक्त माझ्यासाठी निघायचं. मी सुरुवातीला म्हणायचो, "राहू द्या ना जवाईबुवा." ते ताट पुढं धरून उभे राहायचे, मी मोजेपर्यंत.

पुढं चार-पाच वर्षांनी मी जीप विकली. मानोऱ्याकडचा एक जण घ्यायला आला होता. व्यवहार शेडमध्येच ठरला. त्यानं बॉनेट उघडून विचारलं, "इंजिन कसं हाय मिस्त्री? खरं सांगजा." जवाईबुवा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मले कायले इचारता? यायले इचारा. चार-पाच वर्सं झाले, यायच्या समोर खोलल्याबिगर या गाडीचा एक नट मी हलवला नाई." तो माणूस माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "इंजिन चांगलं हाय. पयल्या दिवसापासून चांगलंच होतं." हे वाक्य मी जवाईबुवांकडे पाहत म्हटलं. ते वाकून पाना शोधत होते.

विकण्याआधीचं शेवटचं काम म्हणून त्यांनी इंजिनाचं एक झाकण उघडून साफ केलं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. भाचीचं शाळेत नाव घातलं होतं, ती मागच्या दारात पाटी घेऊन बसली होती. मी किती दिवसांपासून घोकून ठेवलेलं एकदाचं तोंडातून काढलं, "जवाईबुवा, त्या दिवशीचं..."

"कोनत्या दिवशीचं?" ते म्हणाले.

आणि ताट माझ्यापुढं धरलं. "मोजून घ्या."

मी मोजले. अकरा होते. अकराच असायला हवे होते.